तालुक्याच्या गावातला स्वयंसेवी गट: या चुका टाळा

सासवड, भोर, जुन्नर, शिरूर, इंदापूर. पुणे जिल्ह्यातल्या अशा गावांमध्ये अधूनमधून 'आपलं गाव सुंदर गाव' म्हणत एखादा गट उभा राहतो. पहिल्या रविवारी चौक भरतो, दोन महिन्यांनी खराटे कुणाच्या घरी आहेत हेही आठवत नाही. लोकांचा उत्साह ओसरला असं मग म्हटलं जातं. आमच्या मते दोष बहुतेक वेळा आखणीत असतो. झाड कुठे लावायचं ते ठरतं, एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार ते ठरत नाही.

पत्र भलत्याच कचेरीत

गावातली प्रत्येक गोष्ट नगरपरिषदेची असते असं धरून चालू नका. गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. सासवड-जेजुरीकडे जाणारा पालखी मार्ग तर राष्ट्रीय महामार्ग आहे. विजेचा खांब महावितरणचा, कालवा जलसंपदा विभागाचा, मराठी शाळेचं आवार बहुधा जिल्हा परिषदेचं. म्हणून कामांची यादी करताना शेजारी 'मालकी कुणाची' असा रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय पत्र लिहू नका.

पत्र दोन प्रतींत न्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. 'साहेबांच्या हातात दिलं' म्हणून सांगितलेलं पत्र कचेरीच्या लेखी जन्मलेलंच नसतं. एका पत्रात एकच विषय हवा. खड्डे, दिवे, गटार आणि मोकाट कुत्री एकाच कागदावर आली की तो कागद एका टेबलावर जातो आणि बाकीचे तीन विषय तिथेच राहतात. पंधरा दिवसांनी जुना आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'रस्ता खराब का झाला?' असा प्रश्न विचारणं. कचेरी कागद देते, कारणमीमांसा देत नाही. अंदाजपत्रक, कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) यांच्या प्रती मागा. कार्यादेशात किंवा निविदेच्या अटींत दोषदायित्व कालावधी सापडतो. तो संपला नसेल तर खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो.

साफ केलेला कोपरा आठवड्यात पुन्हा भरतो

कारण कोपरा साफ झाला, पण तिथे कचरा येण्याचं कारण तसंच राहिलं. खराटा हातात घेण्याआधी तीन-चार दिवस सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा तिथे कुणीतरी उभं राहा. काय पडतंय ते पाहा. भाजीचे देठ असतील तर मंडई जवळ आहे, खोकी आणि थर्माकोल असेल तर दुकानदार आहेत, गाठ मारलेल्या घरगुती पिशव्या असतील तर घंटागाडीची वेळ चुकतेय. सकाळी सातला कामावर निघणाऱ्याच्या दारात गाडी साडेनऊला येत असेल, तर तो पिशवी कोपऱ्यावरच टाकणार. तिथे 'कचरा टाकू नये'चा फलक लावून काही होत नाही. आरोग्य निरीक्षक आणि मुकादम यांना भेटून त्या गल्लीची वेळ बदलून घ्या. हे एक काम झालं तर निम्मा प्रश्न सुटतो.

सफाईच्या दिवशी दहा माणसांमागे चार खराटे, दोन फावडी, दोन घमेली, एक दाताळं, जाड रबरी हातमोजे आणि पंधरा-वीस गोण्या पुरतात. पातळ प्लास्टिकचे हातमोजे आणू नका, काच त्यातून आरपार जाते. सुया आणि फुटकी काच गोणीत टाकू नका. वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर तसं लिहा, कारण ती गोणी पुढे कुणीतरी हाताने उचलणार असतं. गाडी किती वाजता येणार ते आदल्या दिवशी मुकादमाकडून पक्कं करा. भरलेल्या गोण्या रात्रभर रस्त्यावर राहिल्या तर कुत्री त्या फाडतात आणि सोमवारी गावभर तुमच्याच गटाचं नाव निघतं. पालापाचोळा पेटवू नका. तो गोणीत भरून ठेवा, पुढे खताला लागतो.

सामूहिक खताच्या खड्ड्याच्या तक्रारी दोन-तीनच असतात. वास येतोय म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी: सुका पाला घालून ढीग वरखाली करा. मुंग्या लागल्या म्हणजे फार कोरडं झालंय, पाणी शिंपडा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खाऊनच वाढतात, फक्त वर सुक्या पाल्याचा थर द्या. सुरुवातीपासूनच एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या सुका पाला हे प्रमाण ठेवलं तर यातलं फारसं काही होत नाही.

५ जूनची झाडं

पर्यावरण दिनाला झाडं लावायचा मोह सोडा. ५ जूनला पुण्याकडे मोसमी पाऊस बहुधा पोचलेला नसतो. वळवाच्या एखाद्या सरीनंतर ऊन पडतं आणि कोवळं रोप करपतं. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणा, उन्हात तापू द्या, आणि जमीन हातभर ओली झाल्यावर, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैत, लागवड करा. पंधरा ऑगस्टपर्यंत थांबू नका. शिरूर-इंदापूरच्या बाजूला पाऊस कमी असतो, तिथे तर मुळं धरायला मिळणारे हे आठवडेच कामाचे.

मुरमाड जागेत खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट हवा. पहारीने पाडलेल्या वीतभर भोकात लावलेलं झाड पावसाळाभर हिरवं दिसतं, मग मुळं मुरमाला अडतात आणि फेब्रुवारीत मान टाकतं. भरताना चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. ताजं शेण घातलं तर वाळवी येते. पिशवी कापून पूर्ण काढा. घाईत पिशवीसकट लावलेली रोपं दर वर्षी सापडतात. तळाशी गोल गुंडाळलेली मुळं असतील तर तेवढी छाटा. रोप पाच-सहा फुटांचं घ्या, फूटभर रोप शेळीच्या एका घासाचं असतं. आधाराच्या काठीला सुतळी सैल आणि इंग्रजी आठच्या आकारात बांधा, तार वापरू नका.

जागा निवडताना मान वर करून पाहा. विजेच्या तारांखाली वड-पिंपळ लावला की दर वर्षी महावितरणची माणसं तो अर्धा कापणार. तिथे बहावा, कांचन, ताम्हण चालतील. मोकळ्या जागेत करंज, कडुनिंब, वड. पेव्हर ब्लॉक बसवताना खोडाभोवती चारी बाजूंनी मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगा. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीही विचारल्याशिवाय करू नका.

आता पाण्याचा हिशेब, जो सहसा कुणी करत नाही. १०० झाडं, एका वेळी २० लिटर, आठवड्यातून दोनदा. फेब्रुवारी ते मे सतरा आठवडे धरले तर ६८,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे चौदा टँकर. हे सलग तीन उन्हाळे. एवढ्याची सोय नसेल तर पंचवीसच झाडं लावा. आळ्यात चार बोटं पाला अंथरला तर पाणी कमी उडतं. लोखंडी जाळी तीन वर्षांनी काढायला विसरू नका, नाहीतर ती खोडात रुतते.

नदी आणि वारी

नदीतून काढलेली जलपर्णी काठावर रचून ठेवू नका, पहिल्या पुरात ती परत पाण्यात जाते. ती पुन्हा फोफावते ती सांडपाण्यावर, तेव्हा नाला कुठे मिळतो ते आधी शोधा. पालखीच्या मुक्कामाला अन्नदान असेल तर 'कागदी' ताट विकत घेण्याआधी फाडून पाहा. आतून प्लास्टिकचा पापुद्रा सुटला तर ते ना कुजणार ना रद्दीत जाणार. पानाच्या पत्रावळी घ्या, आणि दर दोन-तीनशे पावलांवर पिंप ठेवा.

माणसं आणि पैसे

व्हॉट्सअॅपवर दोनशे जण असले तरी कामाला बारा येतात, हे गृहीत धरून काम ठरवा. वेळ सात ते नऊ म्हटली तर नऊला थांबा. घरच्यांना साडेअकरापर्यंत ताटकळत ठेवणारा माणूस तिसऱ्या रविवारी येत नाही. प्रत्येक कामाला दोन नावं ठेवा, म्हणजे एक लग्नाला गेला तरी टँकर येतो. बॅनरवर कुणाचाही फोटो नको. नगरपरिषदेच्या निवडणुका आल्या की ज्याचा फोटो नाही तो गट सोडतो.

देणगी कुणाच्याही खासगी यूपीआयवर घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. गटाचा ठराव, पॅन आणि दोघांच्या सह्यांचं बँक खाते करा, क्रमांक असलेलं पावतीपुस्तक वापरा आणि महिन्याचा जमाखर्च सगळ्यांना पाठवा. नोंदणी नसताना जाहीर वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. काम टिकलं की १८६०च्या कायद्याखाली संस्था आणि १९५०च्या कायद्याखाली विश्वस्त संस्था अशी नोंदणी करा. किमान सात सभासद लागतात. नोंदणीनंतर बहुतेक गट अडकतात ते बदल अर्जात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. तो राहिला तर कागदोपत्री जुनेच पदाधिकारी असतात, बँक नव्यांच्या सह्या घेत नाही, आणि नेमकं टँकरचं बिल द्यायच्या वेळी खातं अडून बसतं.