किमोनो नेसताय? या चुका टाळा

टोकियोत येऊन किमोनो शिकले. आता ओळखीतल्या मराठी मुलींना मीच नेसवते आणि दर वेळी त्याच चुका निस्तरते.

सगळ्यात मोठी चूक डाव्या-उजव्याची. उजवी बाजू आधी अंगाशी, डावी तिच्यावर. उलटं नेसवतात ते मृताला. जपानीत याला ‘मिगिमाए’ म्हणतात, शब्दशः ‘उजवी पुढे’, आणि तिथंच घोळ होतो. इथं ‘पुढे’ म्हणजे ‘आधी’. मी एकच बघते: उजवा हात गळ्याशी सहज आत गेला, की झालं. एकीचा फोटो पाहून मी धावत फोन लावला होता. निघाली सेल्फी, मोबाइलनं बाजू उलटवलेली!

दुसरी चूक माझीच. सहकारिणीच्या लग्नाला मी ओशिमा त्सुमुगी नेसून निघाले. अमामी बेटावरचं, चिखलात रंगवलेलं रेशीम, किंमत ऐकून घाम फुटावा असं. म्हटलं, आपली पैठणीच की! समोरच्या आजींनी दारातच थांबवलं. “हे नाटकाला नेस, लग्नाला नको.” धागा आधी रंगवून विणलेलं कापड कितीही महाग असो, ते घरगुतीच. पांढरं विणून मग रंगवलेलं ते मानाचं. आजींनी स्वतःचा होमोंगी, म्हणजे समारंभाचा किमोनो, काढून दिला. त्यावरच्या सारसाचा पंख बाहीच्या शिवणीवरून थेट खांद्यावर गेलेला, रेघ कुठंही तुटलेली नाही. त्यासाठी पांढरं कापड आधी कच्चं शिवून नक्षी आखतात, मग उसवून रंगवतात. त्या दिवसापासून मी किंमत नाही, शिवण बघते.

काळा किमोनो, पाच कुलचिन्हं आणि कमरेखालीच नक्षी: हा वधूवरांच्या आईचा, जवळच्या विवाहित बायकांचा मान. पाहुणीनं नेसू नये. नक्षीच नसलेला काळा सुतकाचा.

लांब बाह्यांचा फुरिसोदे अविवाहित मुलींचा. लग्न झालंय ना? मग मोह आवरा.

समारंभाला ओबीची, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याची, गाठ दुहेरी, म्हणजे आनंद पुन्हा यावा. सुतकात एकेरी. तयार गाठीचा ओबी मिळतो, पण शिकायला आलात तर बांधायलाच शिका. व्हिडिओ बघून दहा मिनिटांत नेसणाऱ्यांचा ओबी जेवणाआधीच घसरतो.

सेफ्टी पिना पर्समध्येच ठेवा. इथं दोऱ्या असतात.

आणि कंबर दाखवायची हौस साडीसाठी राखा. किमोनोत अंग नळकांड्यासारखं सरळ दिसायला हवं. मी सरळ दोन टॉवेल गुंडाळते.