ब्रॉयलरला भाजी-फळांचा कचरा खाऊ घालताय? या चुका टाळा

फुकट मिळालेला भाजीचा कचरा ब्रॉयलरला किती महाग पडू शकतो, हे बॅच विकायच्या दिवशी काट्यावर कळतं. पक्षी दिवसभर टोचत होते, फीडरमधलं खाद्य उरत होतं, आपण खूश होतो आणि वजन मात्र भरत नाही.

याचं कारण पाणी. कोबीत 92 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. चार आठवड्यांचा ब्रॉयलर दिवसाला साधारण 130 ते 150 ग्रॅम कोरडं खाद्य खातो. तेवढाच कोबी पोटात गेला तर पाणी वगळून हाती लागतात जेमतेम 12 ग्रॅम. अन्नपिशवी टम्म, पण पक्षी उपाशी. गावठी कोंबडीकडे वेळ असतो, ती हे सहज निभावते. पाच-सहा आठवड्यांत विकायच्या पक्ष्याकडे तो नसतो. म्हणून ओला कचरा थेट टाकणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. त्यातून विष्ठा पातळ होते, लिटर (शेडमध्ये अंथरलेला भुसा) भिजतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि कॉक्सिडिओसिसला, म्हणजे आतड्यातल्या परजीवींच्या रोगाला, आयतं रान मिळतं. मूठभर लिटर दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. ओला कचरा लगेच थांबवा, ओलं लिटर काढून कोरडं टाका.

मग वाळवायचं. इथेही घाई नडते. वरून वाळलेली केळीची साल आतून चामड्यासारखी चिवट असते. तशीच पोत्यात भरली की चार दिवसांत कुबट वास. बारीक चिरा, जाळीवर एकच थर पसरा, वरखाली करा, रात्री दव पडण्याआधी आत घ्या. साल वाकली तर अजून वाळवायची, कट्‌कन मोडली तरच दळायची.

बुरशीचा ठिपका दिसला की तो माल खड्ड्यात. 'उकळून घेऊ' म्हणणारे भेटतात. उकळल्याने बुरशी मरते, पण तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष तसंच राहतं आणि पक्ष्याचं यकृत खातं. सडका चिखल तर आणखी वाईट. त्यातल्या जिवाणूंच्या विषाने पक्षी मान टाकतो. अशी लुळी मान दिसली तर शेडभोवतीचा सडका ढीग आणि मेलेले पक्षी आधी उचला, मग पशुवैद्यांना फोन.

काय घालू नये? अॅव्होकॅडो, हिरवे पडलेले किंवा मोड आलेले बटाटे, कच्चे राजमे, कांद्याचा ढीग आणि लोणची-खारवलेलं काहीही. जास्त मीठ पिल्लांना सोसत नाही.

प्रमाणाची चूक सोयाबीन पेंडेपाशी होते. पेंड महाग, म्हणून तीच कमी करून सालीची पूड घालायचा मोह होतो. पण बहुतेक फळांच्या सालीत प्रथिनं मक्याइतकी किंवा त्याहूनही कमी असतात. स्टार्टरला (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला) 22 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, ती सालीतून येणार नाहीत. पूड घालायची ती थोड्या मक्याच्या जागी. पेंडेला हात लावू नका. सालीत तंतू जास्त, ऊर्जा कमी आणि ब्रॉयलरला तंतू फारसे पचत नाहीत. म्हणून पहिले तीन आठवडे काहीच नको. पुढे 2-3 टक्क्यांपासून सुरुवात करून आठवडाभरात 5 टक्क्यांपर्यंत जा. मी तिथेच थांबतो. विष्ठा चिकट होऊन मागची पिसं लडबडली, तर सालीतलं पेक्टिन (चिकट तंतू) झेपत नाही असं समजून पूड निम्मी करा.

आणखी एक: पूड जाडसर राहिली तर पक्षी निवडून खातात. फीडरच्या तळाशी काळपट चुरा साचलेला दिसला की चाळण बदला, मॅशच्या (दळलेल्या खाद्याच्या) दाण्याशी पूड मिळती हवी.

हे सगळं एकदम पूर्ण शेडवर करू नका. कोपऱ्यात जाळी लावून 20 पक्षी वेगळे काढा, त्यांनाच पुडीचं खाद्य द्या. सुरुवातीला आणि सात दिवसांनी त्यांचं वजन घ्या, नेहमीच्या खाद्यावरच्या 20 पक्ष्यांचंही घ्या. दोन्हीकडचं खाल्लेलं खाद्यही मोजा. वाढलेल्या किलोभर वजनामागे पुडीवाल्यांनी जास्त खाल्लं असेल, तर वाचलेल्या मक्याचे पैसे त्यातच गेले.