बँक बॅलन्सचं कन्फर्मेशन स्वतः मागवा

ऑडिटचं नियोजन करताना रोख आणि बँक शिल्लक म्हणजे कमी जोखमीचं काम, असं धरून ते आर्टिकलकडे (ऑफिसातल्या शिकाऊ सीएकडे) सोपवायची सवय अनेक ऑफिसांत आहे. ती मोडा. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी मान्य केलं, की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते.

एसए ५०५ या ऑडिटिंग मानकानुसार कन्फर्मेशनच्या, म्हणजे बँकेकडून शिलकेचा लेखी दुजोरा मागवण्याच्या पत्रव्यवहारावर ताबा ऑडिटरचा हवा. म्हणजे पत्र आपल्याच ऑफिसातून जावं, शाखेचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि उत्तर थेट आपल्याकडे यावं. कंपनीचा अकाउंटंट ‘साहेब, मीच आणून देतो, लवकर होईल’ म्हणाला तरी नको. माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याच्या हातून आलेला कागद पुरावा म्हणून लंगडा पडतो.

मुदत ठेवी असतील तर आणखी एक पडताळणी करा, मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. रक्कम, दर आणि दिवस यांवरून व्याज स्वतः काढा आणि ते २६एएसमधल्या (कंपनीच्या नावावर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं विवरण) टीडीएसशी, म्हणजे बँकेने व्याजातून कापलेल्या कराशी जुळवा. ठेवीची पावती खोटी छापता येते. बँकेने भरलेला टीडीएस कंपनीला छापता येत नाही. फरक आला तर आधी साधं कारण शोधा, ठेव मुदतीआधी मोडली होती का वगैरे. नाहीच सापडलं तर एसए २४० या फसवणुकीबाबतच्या मानकाखाली फसवणुकीची जोखीम नव्याने ठरवा आणि विक्रीच्या नोंदींकडे वळा. खोट्या विक्रीचा पैसा ताळेबंदात कुठेतरी दाखवावाच लागतो, येणे बाकीत किंवा बँकेत.