दुसरा ब्राउझर टाकताय? या चुका टाळा

क्रोममध्ये पेमेंटचं पान अडकलं म्हणून ब्रेव्ह टाकला, तिथंही अडकलं म्हणून ऑपेरा टाकला, तिथंही तेच, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एज उघडलं, आणि शेवटी "अरे, माझा लॅपटॉपच गेलाय बहुतेक" असा फोन. लॅपटॉपला काहीही झालेलं नसतं. या चारही ब्राउझरांच्या पोटात एकच इंजिन (साइटचा कोड वाचून पान दाखवणारा भाग) आहे, क्रोमियमचं, आणि क्रोमियम म्हणजे क्रोमचाच पाया. ऑपेरानं स्वतःचं इंजिन २०१३ मध्येच सोडलं, मायक्रोसॉफ्टनं एज २०२० च्या जानेवारीत क्रोमियमवर आणलं, ब्रेव्ह आणि विवाल्डी तर पहिल्यापासूनच त्यावर. त्यामुळे साइटचा कोड क्रोमच्या इंजिनवर लटकत असेल तर चार आयकॉन बदलून चार वेळा तेच लटकणार.

अधूनमधून वापरायला दुसरा ब्राउझर हवा असेल तर तो आतून वेगळा हवा आणि रिकामा हवा, बाकीचं सगळं दुय्यम. आणि लोक नेमकं उलटं करतात, पहिल्याचीच झेरॉक्स काढून ठेवतात.

इंजिन न बघता निवडणं

रोजचा क्रोम असेल तर दुसरा फायरफॉक्स, विषय संपला. रोजचा फायरफॉक्स असेल तर विंडोजवर एज आधीच बसलेलं असतं, वेगळं काही डाउनलोड करू नका. मॅकवाल्यांकडे सफारी आहेच. माझ्या मते गरज फायरफॉक्सवाल्यांना जास्त पडते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच साइट बनवणारे फक्त क्रोममध्ये चालवून बघतात आणि काम झालं म्हणतात. आयफोनवर मात्र हा खटाटोप जवळपास फुकट आहे, तिथं आपल्याकडे क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स घ्या, आत सफारीचंच वेबकिट इंजिन पळतं. साइट आयफोनवर अडत असेल तर सरळ कॉम्प्युटर किंवा घरातल्या कुणाचातरी अँड्रॉइड फोन घ्या.

आणि ते "हलका", "सुपरफास्ट" वगैरे नावाचे अनोळखी ब्राउझर नकोच. यूसी ब्राउझरवर जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातली, तरी अजून कुणीकुणी कुठूनतरी एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) मिळवून टाकतात आणि त्यातच बँकेचं लॉगिन करतात. काय बोलायचं आता.

"इम्पोर्ट करायचं का?" ला डोळे झाकून हो म्हणणं

नवा ब्राउझर पहिल्यांदा उघडला की बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी सगळं आणू का असं विचारतो, आणि आपण नेक्स्ट नेक्स्ट करत जातो. एज तर क्रोममधली एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सुद्धा उचलून आणतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये साइट चालते त्याचं बऱ्याचदा कारण इतकंच असतं की तिथं ना ॲड ब्लॉकर असतो, ना कूपन शोधणारं एक्स्टेन्शन, ना दोन वर्षांपूर्वीच्या कुकीज (साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी). तेच सगळं तिथं नेऊन टाकलं तर मग दुसरा कशाला घेतला? "नको" दाबा, फार तर चार बुकमार्क हातानं ठेवा.

पासवर्डचं तर विशेष बघा. क्रोममध्ये पासवर्ड बदलला, सेव्ह केला. महिन्याभरानं फायरफॉक्स उघडला, त्यानं इम्पोर्टमधला जुनाच पासवर्ड भरला, ठिपकेच दिसतात त्यामुळे आपल्याला कळत नाही, पुन्हा लॉगिन, पुन्हा लॉगिन, आणि अकाउंट लॉक. आता नेटबँकिंग उद्यापर्यंत बंद. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्हच करू नका, किंवा दोन्हीकडे चालणारा एकच पासवर्ड मॅनेजर ठेवा.

गरज नसताना दुसरा टाकणं

हे आधी सांगायला हवं होतं खरं तर. साइट अडली की पहिल्यांदा कंट्रोल-शिफ्ट-आर मारा, म्हणजे पान कॅशमधून (ब्राउझरनं साठवलेल्या जुन्या प्रतीतून) न येता नव्यानं येतं. नाही झालं तर इनकॉग्निटो (मेनूमधली खाजगी खिडकी) उघडा, तिथं एक्स्टेन्शन सहसा बंद असतात (तुम्हीच परवानगी दिली नसेल तर) आणि जुन्या कुकीज नसतात. इनकॉग्निटोत चाललं म्हणजे इंजिन ठीक आहे, चोर एक्स्टेन्शनमध्ये नाहीतर कुकीमध्ये. मग पत्त्याच्या डावीकडच्या आयकॉनवर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा उडवा, आणि एक्स्टेन्शन एकेक करून बंद करून बघा. सगळी हिस्टरी पुसायची गरज नाही, नाहीतर वीस ठिकाणी परत लॉगिन करत बसाल.

आई आणि बाबा दोघांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरायची आहेत म्हणून दोन इनकॉग्निटो खिडक्या उघडणारेही आहेत. त्या दोन्ही खिडक्या आतून एकच असतात, कुकीज एकाच. एकीकडे आईचं लॉगिन केलं की दुसरीकडचे बाबा बाहेर, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच माहिती भलत्या खात्यात. याला क्रोममध्ये दुसरं प्रोफाइल काढा, उजवीकडे वर गोल फोटो असतो तिथून. कुकीज वेगळ्या, एक्स्टेन्शन वेगळी, आणि फायरफॉक्समध्ये कुकीज वेगळ्या ठेवायचं काम कंटेनर टॅब करतात. इतकंच काम असेल तर दुसरा ब्राउझर लागतच नाही.

टाकून विसरून जाणं

गाडीच्या स्टेपनीसारखं होतं, पंक्चर झाल्यावर कळतं की तिच्यातच हवा नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. तुम्ही चार महिन्यांनी उघडलात आणि लगेच कार्डाचा नंबर टाकायला बसलात तर जुन्या आवृत्तीवरच बसलात असं होऊ शकतं. आधी मेनूमधून हेल्प, मग अबाउट, अपडेट होऊ द्या, रिस्टार्ट करा, मग पैशाचं काम. विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर असेल तर क्रोम १०९ वरच थांबलंय, २०२३ पासून, आणि फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). अशा मशीनवर कुठलाही दुसरा ब्राउझर टाका, बँक नको.

फायरफॉक्स उघडला आणि साइट तिथंही अडली

घाईनं अनइन्स्टॉल करू नका. पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह असतं. फायरफॉक्स बाहेरच्या साइटच्या कुकीज वेगळ्या कोंडून ठेवतो, त्यामुळे कधीकधी पेमेंट गेटवेवरून परत आलं की साइट तुम्हाला ओळखतच नाही. ढालीवर क्लिक करून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करा, पान रिफ्रेश करा. ब्रेव्हमध्ये सिंहाचं चिन्ह, तिथंही तोच खेळ. काम झालं की परत चालू करा.

दुसरं म्हणजे पॉप-अप. सातबारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडणार असते, ब्राउझर ती अडवतो आणि वर एक बारीकशी पट्टी दाखवतो जी कुणी वाचत नाही, मग बटण दहा वेळा दाबलं तरी "काहीच होत नाहीये". पट्टी वाचा, परवानगी द्या.

डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यांनी मात्र ब्राउझर बदलायचे प्रयोग रिटर्नच्या शेवटच्या तारखेला करू नयेत. सही करणारा प्रोग्राम ब्राउझरच्या बाहेर वेगळा चालत असतो, त्याचं आणि ब्राउझरचं एकदा जुळवावं लागतं, जिथं जुळलंय तिथंच काम करा.

अजून एक जात म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच मागणाऱ्या जुन्या साइट. तो तर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या पानावर आयई मोड आहे, तो चालू करून साइट यादीत घाला. पण ही नोंद ३० दिवसच टिकते, मग आपोआप जाते. "मागच्या महिन्यात चालत होतं, आता बंद पडलं" ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते, परत यादीत घाला.

डिफॉल्टचं बटण

"मला डिफॉल्ट करा" असं निळं बटण मोठ्ठं आणि "आता नको" बारीक अक्षरात. चुकून दाबलं की मेलमधली प्रत्येक लिंक दुसऱ्याच ब्राउझरमध्ये उघडते जिथं तुमचं लॉगिनच नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथून आपला नेहमीचा परत निवडा.

आणि सगळ्या ब्राउझरमध्ये सगळ्याच साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असतील तर ब्राउझर बदलायच्या आधी खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की दर वेळी प्लग काढला की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं, आणि मग साइटच्या सर्टिफिकेटची (तिच्या ओळखपत्राची) तारीख कुठल्याच ब्राउझरला पटत नाही. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, बदला, वेळ लावा. तारीख बरोबर असून एकाच साइटवर ती पाटी येत असेल तर मात्र "तरीही पुढे जा" दाबू नका, आणि पैशाची साइट असेल तर फायरफॉक्समध्येही नाही आणि क्रोममध्येही नाही.