अंबाझरीचा काठ डिव्हायडरने मोजताना

नागपूरच्या अंबाझरी तलावाचा काठ किती लांब आहे? ठरावीक उत्तर निघतच नाही. माप जितकं बारीक घ्याल तितकी लांबी वाढत जाते, आणि यात मोजणाऱ्याची चूक नसते. घरच्या टेबलावर एका दुपारी हे करून बघता येतं.

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये तलावाचं उपग्रहचित्र उघडा आणि ए-३ कागदावर पूर्ण मावेल असं छापून आणा. साधा रेषांचा नकाशा घेऊ नका, त्यात काठाचे बारीक कंगोरे आधीच गुळगुळीत केलेले असतात. वर ट्रेसिंग पेपर ठेवून टोकदार पेन्सिलीने काठ गिरवा. जलपर्णीचे हिरवे पट्टे जमिनीसारखे दिसतात, तिथे घाई करू नका. पाण्यावर झुकलेली झाडंही फसवतात. जिथे चित्रातले चौकोनी ठिपके दिसू लागतात, त्याहून बारीक वळण स्वतःच्या मनाने काढायचं नाही.

आता कंपासपेटीतलं डिव्हायडर ८ सेंमी उघडा आणि काठावरून पावलं टाकत एक फेरी पूर्ण करा. प्रत्येक टोक रेषेवरच पडलं पाहिजे. शेवटी उरलेला तुकडा पट्टीने मोजून मिळवा. मग ४, २, १ सेंमी आणि ५ मिमी असं उघडून तेच करा. ५ मिमीच्या खाली जाऊ नका: पेन्सिलीच्या रेषेची जाडी आणि हाताचा कंप तिथे मापात मिसळू लागतात. ८ सेंमीला दहापेक्षा कमी पावलं पडली तर तो आकडा सोडून द्या, कारण इतक्या थोड्या पावलांत सुरुवातीची जागा बदलली तरी उत्तर बदलतं. बाकी प्रत्येक मापासाठी तीन वेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून सरासरी काढा.

बांधाचा सरळ भाग मात्र वेगळा मोजा, तोच या प्रयोगाचा कणा आहे. तिथे माप अर्धं केलं की पावलं दुप्पट होतात आणि लांबी जवळजवळ तशीच राहते. मग दुसऱ्या कागदावर २० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढून मोजा. ८ सेंमीच्या मापाला सुमारे ६१ सेंमी येतील, ४ ला ६२.४, १ ला ६२.८, आणि पुढे आकडा तिथेच थबकतो. म्हणजे डिव्हायडर लबाडी करत नाही. सरळ रेषेची लांबी स्थिर राहते, वर्तुळाची वाढून स्थिरावते, नैसर्गिक काठाची मात्र वाढतच राहते, कारण प्रत्येक खाचेच्या आत आणखी खाचा असतात.

ही वाढ मोजताही येते. माप अर्धं करताना लांबी दर वेळी साधारण एकाच पटीने वाढते का ते पाहा. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी ती पट सुमारे १.१९ आहे, म्हणजे चार वेळा अर्धं केलं की लांबी दुप्पट. हा नियम ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांना सापडला. स्पेन आणि पोर्तुगाल आपल्या सामाईक सीमेची लांबी ९८७ आणि १२१४ किमी अशी वेगवेगळी सांगत होते, हे त्यांनीच दाखवलं. १९६७ मध्ये गणिती बेन्वा मँडेलब्रॉट यांनी हा नियम अपूर्णांकी मितीशी जोडला: रेषेची मिती एक, पृष्ठभागाची दोन, आणि अशा काठाची त्यांच्या मधली. तुमचा आकडा ब्रिटनच्या आकड्याशी जुळायलाच हवा असं नाही, तो तुमच्या तलावाचा आहे.

खऱ्या काठाचं माप चिखलाच्या कणांइतकं बारीक झालं की हा नियम कोलमडतो. त्यापुढचा प्रवास गणिताचा. २७ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण काढा, प्रत्येक बाजूचे तीन भाग करा आणि मधल्या भागावर बाहेरच्या बाजूला छोटा समभुज त्रिकोण उभारून त्याचा पाया पुसून टाका. नव्या प्रत्येक बाजूवर पुन्हा तेच. परिमिती ८१ सेंमीवरून १०८, १४४, १९२ होते. आठव्या टप्प्याला आठ मीटरच्या पुढे जाते आणि कधीच थांबत नाही. तरीही आतलं क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या ८/५ पटीपलीकडे जात नाही. स्वीडिश गणिती हेल्गे फॉन कॉख यांनी ही रेषा १९०४ मध्ये मांडली. अमर्याद कुंपण आणि मर्यादित जमीन एकाच कागदावर बघण्यासारखा आनंद गणितात फार थोड्या ठिकाणी मिळतो. घाई न करता, आलेख कागदावर चौकोन मोजत तो घ्या.

प्रत्यक्ष काठावर जायचं असेल तर बांधीव किनारा टाळा. नागपूरच्याच फुटाळा तलावाची चौपाटीची बाजू या कामाची नाही. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात दहानंतर थांबू नये. वीस मीटरचा कच्चा काठ निवडा आणि ४ मीटर, १ मीटर, २५ सेंमी अशा बांबूच्या काठ्यांनी मोजा. सुतळी ओली झाली की तिची लांबी बदलते, म्हणून काठ्याच बऱ्या. एकाने काठी धरावी, दुसऱ्याने मोजावं. काळी माती वरून सुकलेली दिसली तरी खाली रुतवते, तेव्हा पाय कोरड्या बाजूलाच ठेवा, आणि तिन्ही मोजण्या त्याच दिवशी संपवा, कारण पाणी बोटभर उतरलं तरी काठ दुसराच होतो.