टीबीच्या गोळ्या चालू असताना लिव्हरच्या बाबतीत या चुका टाळा

माझ्या मामांना फुफ्फुसाचा टीबी निघाला. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य गेलेलं, वजन जेमतेम ४१ किलो. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात अन्नावरची वासनाच उडाली, फोडणीचा वास आला तरी उमासे यायचे, आणि आम्ही सगळे म्हणत बसलो की गोळ्या गरम पडल्यात, ताक प्या. चूक तिथंच झाली. चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरवर येऊ शकतात (इथॅम्ब्युटॉलचा धोका डोळ्यांना), आणि हा त्रास बहुतेक करून पहिल्या दोन महिन्यांतच होतो. म्हणून भूक मेली, उलट्या लागल्या, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

लघवीवरून फार गोंधळ होतो. रिफाम्पिसिननं लघवी पहिल्या दिवसापासून केशरी-लाल होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. पण डोळे बघा. आम्ही मामांना उंबऱ्यात उन्हाला उभं करून खालची पापणी ओढली तर पांढरं पार हळदीसारखं झालेलं! असं दिसलं की पुढचा डोस घ्यायच्या आधी, त्याच दिवशी दवाखाना.

आणि आम्ही काय केलं, तर आधी गावाकडं काविळीचा झाडपाला आणायला गेलो, दोन दिवस त्यात गेले आणि तोवर गोळ्या चालूच. कृपा करून हे करू नका, लिव्हर आधीच दमलेलं असतं, त्यात कशात काय आहे माहीत नसलेला काढा कशाला.

दारूचं लपवू नका. मामांनी टीबीच्या सेंटरवर "कधीतरी घेतो" सांगितलेलं, घेत होते रोज. दारू, साठीच्या पुढचं वय, कुपोषण, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही, आधीचा लिव्हरचा आजार, यातलं काहीही असेल तर सुरुवातीलाच एलएफटी (लिव्हर नीट चालतंय का ते बघायची रक्ततपासणी) करून घ्या आणि मधे मधे परत करायला सांगा. बायकांनाही हा धोका जरा जास्त असतो. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणून वरचेवर खाणं पण बंद, आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर पाकीट घेऊनच जा.

डोस वजनावर ठरतो, चारही औषधं एकाच गोळीत असतात, त्या ३५ ते ४९ किलोला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ ला चार, त्यामुळं वजन अंदाजानं सांगू नका, काट्यावर उभे राहा. अंगात मांस नसेल तर लिव्हरही लवकर हार मानतं, म्हणून अंडी, डाळ, दूध पोटात जाऊ द्या, पोषणाचे सरकारकडून महिन्याला मिळणारे १००० रुपये त्यासाठीच आहेत.

एसजीपीटी (एलएफटीतला लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा) नॉर्मलच्या तिप्पट आणि सोबत त्रास, किंवा त्रास नसताना पाचपट, असं आलं की डॉक्टर गोळ्या थांबवतात. मामांच्या पण थांबवल्या. रिपोर्ट खाली आल्यावर एकेक औषध परत चालू केलं, दर वेळी रक्त तपासून. कोर्स लांबला, पण पूर्ण झाला.