हार्टच्या व्हायबिलिटी स्कॅनला पेशंट तयार करताना

न्यूक्लिअर मेडिसिनला नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय, खास करून जे जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पेशंट बघणार आहेत त्यांच्यासाठी. मशीन चालवणं हळूहळू येतंच, पण या स्कॅनचं निम्मं काम आदल्या संध्याकाळच्या फोनवर होतं असं माझं ठाम मत आहे.

अटॅक येऊन गेलेला असतो, पंपिंग २५-३० टक्क्यांवर आलेलं असतं आणि व्हायबिलिटी स्कॅननं डॉक्टरांना बघायचं असतं की हार्टचा न हलणारा भाग मेलाय की रक्त कमी पडतंय म्हणून नुसता गप्प बसलाय, कारण जिवंत असेल तर बायपासचा उपयोग होऊ शकतो. उपाशी पोटी हार्ट मुख्यतः फॅटी ॲसिडवर चालतं, म्हणून आधी उपाशी ठेवून मग ग्लुकोज पाजतो, इन्सुलिन वाढतं, स्नायू साखर ओढायला लागतो आणि तेव्हा एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखर, द्यायचं. पर्फ्युजनमध्ये, म्हणजे रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमध्ये, रक्त कमी पण एफडीजी घेतलंय, तर तो भाग जिवंत. सारकॉइडच्या (हार्टला सूज आणू शकणारा एक आजार) एफडीजीची तयारी मात्र बरोबर उलटी, तिथं साखर, भात, भाकरी सगळं बंद, त्यामुळे दोन्हीच्या सूचनांचे कागद एकत्र ठेवूच नका.

फोनवर "उपाशी या" एवढंच सांगून ठेवून दिलात तर काम बिघडलंच म्हणून समजा. रावेर-यावलचा माणूस पहाटे निघताना चहा घेणारच, एखादं केळंही खाणार, आणि चहाला कोणी खाण्यात धरत नाही, म्हणून एकेक नाव घेऊन विचारा, चहा, बिस्कीट, केळं, ज्यूस. म्हाताऱ्या माणसाला "आबा, सकायपासून काय काय खायेल शे?" असं अहिराणीत विचारलं की लगेच मोकळे होतात. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारूनच सांगा, स्वतःच्या मनानं कधीच नाही.

डायबेटिसवाल्यांना वेळ लागतो, शुगर मोजत राहायची, इन्सुलिन तक्त्याप्रमाणे, आणि सहसा १०० ते १४० च्या दरम्यान आली की इंजेक्शन. एफडीजीतल्या किरणोत्सारी एफ-१८ ची हाफ-लाइफ (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ११० मिनिटं, म्हणजे पेशंटची गाडी दोन तास उशिरा आली तर डोस निम्म्याहून कमी राहतो, हे नातेवाइकांना आधीच समजवा. इन्सुलिन दिलेल्या पेशंटला घाम, थरथर होतेय का बघत राहा आणि स्कॅन झाल्यावर पोटभर खाऊ घालून, शुगर बघूनच सोडा.

पंपिंग कमी असलेल्यांना सपाट झोपलं की दम लागतो, म्हणून आधीच विचारा की रात्री किती उशा लागतात. आणि "भरपूर पाणी प्या" हे आपण सगळ्यांना सवयीनं सांगतो, पण हार्ट फेल्युअरवाल्याला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं, तिथं विचारल्याशिवाय बोलू नका.

नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊन सेस्टामिबीचा (रक्तपुरवठा दाखवणारं किरणोत्सारी औषध) स्कॅन करणार असाल तर बीपी बघा, आणि सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी गेल्या २४ तासांत, टाडालाफिल असेल तर ४८ तासांत घेतलीय का ते सुनेला-मुलाला बाहेर पाठवून एकट्याला विचारा, कारण घरच्यांसमोर कोणी खरं सांगत नाही आणि बीपी एकदम पडणं या पेशंटला परवडणारं नसतं.

थॅलियमचा (हेही तसंच किरणोत्सारी औषध) स्कॅन असेल तर चार तासांनी परत फोटो, कधी कधी दुसऱ्या दिवशीही. हे सकाळीच सांगा, नाहीतर पहिला फोटो झाला की शहाद्याचा माणूस एसटी पकडून निघून जातो.